माल कुठला?

२०२५ सालची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आली, आणि नेमक्या त्याच दिवशी, आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजून एक मिनिट झालेले असताना, अमेरिकेत जाणाऱ्या बऱ्याचशा भारतीय मालावरचे जादा आयातशुल्क २५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेले. घरात प्राणप्रतिष्ठा चालू होती, गुरुजी संकल्प सांगत होते आणि पाटाजवळ उलटा ठेवलेला माझा फोन दर मिनिटाला थरथरत होता. मी मुंबईच्या एका अभियांत्रिकी कंपनीच्या निर्यात विभागात सव्वीस वर्षे कागदपत्रांचे काम करते. आमचा कारखाना अंबरनाथला आहे, कार्यालय फोर्टात आहे आणि ह्यूस्टनजवळ आमच्याच उपकंपनीचे एक गोदाम आहे. औद्योगिक व्हॉल्व्ह आणि पंपांचे सुटे भाग आम्ही बनवतो. त्यांचा मोठा वाटा तिकडच्या तेल आणि रसायनांच्या कारखान्यांकडे जातो.

गणपतीला आलेल्या पाहुण्यांपैकी निम्म्यांनी एकच प्रश्न विचारला, की आता तुमची कंपनी कारखाना तिकडे हलवणार का? टीव्हीवरच्या चर्चा ऐकून असे वाटणे साहजिक आहे. तिथे कारखाना म्हणजे जणू सारीपाटावरची सोंगटी असते, उचलली आणि पुढच्या घरात ठेवली. मी पाहिले ते वेगळे आहे. बड्या सत्तांचे आपसांत वाजले, की परदेशात व्यवसाय असलेल्या कंपनीत आधी कागद हलतात, त्यांच्यामागून पैसे हलतात आणि यंत्रे हललीच तर अगदी शेवटी हलतात. नवा कारखाना उभा राहून त्याच्या मालाला ग्राहकाची मान्यता मिळेपर्यंत सहज दोन वर्षे जातात, आणि शुल्काचा दर तेवढ्या काळात चार वेळा बदललेला असतो. २०२५ ची दिवाळी आटोपून महिना झाला, वर्षअखेरीची गडबड अजून सुरू व्हायची आहे, म्हणून या मधल्या सवडीत हे लिहून ठेवते आहे.

वाढीव शुल्काची घोषणा ६ ऑगस्टला झाली आणि अंमल एकवीस दिवसांनी होणार होता. २७ ऑगस्टपूर्वी जहाजावर चढलेल्या आणि १७ सप्टेंबरपूर्वी अमेरिकेत सोडवून घेतलेल्या मालाला नवा दर लागणार नाही, अशी सवलतही होती. ऐकायला ही सवलत उदार वाटते. मात्र लाल समुद्रातील हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून बरीच जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जातात, आणि न्हावाशेव्याहून ह्यूस्टनला पोचायला महिन्याहून बराच अधिक काळ लागतो. म्हणजे २६ ऑगस्टला जहाजावर चढलेला माल १७ सप्टेंबरला कुठेतरी अटलांटिक महासागरातच असणार. हे गणित मी वहीच्या मागच्या पानावर मांडून साहेबांना दाखवले. तरीही आमचे दोन कंटेनर रात्रीचा दिवस करून भरले गेले आणि करळ फाट्याच्या रांगेत उभे राहून जेमतेम वेळेत बंदराच्या आत गेले, कारण वरच्या मजल्यावरून ‘काहीतरी करा’ असा निरोप आला होता. गडबडीच्या दिवसांत कंपन्या जे करतात त्यातला बराचसा भाग असा असतो, हे इतक्या वर्षांनंतर मी मनाला लावून घेत नाही.

ते कंटेनर पोचले तेव्हा उपकंपनीने माल सोडवून न घेता तिथल्या कस्टम्सच्या देखरेखीखालील बंधपत्रित गोदामात ठेवला. अशा गोदामात माल पाच वर्षांपर्यंत राहू शकतो आणि शुल्क बाहेर काढण्याच्या दिवशीच्या दराने भरावे लागते. दर उतरेल अशी आशा असेल तर थांबायचे, आणि तोवर गोदामाचे भाडे आणि अडकलेल्या पैशांचे व्याज सोसायचे. याहून प्रसिद्ध असलेली मुक्त व्यापार क्षेत्रे यंदा या कामी फारशी उपयोगी पडली नाहीत, कारण एप्रिलपासूनच्या आदेशांनुसार तिथे माल ज्या दिवशी आत जातो त्या दिवशीचाच दर त्याला कायमचा चिकटतो. दोन गोदामे, शेजारीशेजारी असली तरी एकात दर पुढे सरकतो आणि दुसऱ्यात गोठतो. हा फरक आमच्या विभागातल्या नव्या मुलाला समजावून सांगता सांगता माझा एक चहा गार झाला.

पाहुण्यांच्या मनातला आणखी एक गैरसमज इथेच सांगून टाकते. हे शुल्क भारत भरत नाही आणि कायद्याने भारतीय निर्यातदारही भरत नाही. ते भरतो अमेरिकेतला आयातदार. प्रत्यक्षात त्याचा भार कुणावर पडतो हे विक्रीच्या अटींवर आणि दोघांपैकी कोणाला दुसऱ्याची गरज अधिक आहे यावर ठरते. एफओबी अटीवर विकलेला माल आपल्याकडे जहाजावर चढला, की पुढचे शुल्क ग्राहकाचे. डीडीपी अटीवर विकलेला माल ग्राहकाच्या दारात शुल्कासह पोचवायचा असतो. २०२३ साली आम्ही दोन ग्राहकांशी तीन वर्षांचे डीडीपी करार केले होते, आणि शुल्काचा दर बदलल्यास किंमत बदलेल असे कलम त्यात नव्हते. ते करार जुन्या नमुन्यावरून मीच टंकित केले होते. त्या नमुन्यात ते कलम नव्हते, कारण तो ज्या काळात बनला त्या काळात आमच्या मालावरचे शुल्क किरकोळ होते आणि ते एका रात्रीत पन्नास टक्के होईल असे म्हणणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढले असते. त्या दोन करारांवर कंपनीला जो फटका बसला त्याचा आकडा मी इथे लिहिणार नाही. आता आमच्या प्रत्येक करारात ते कलम असते आणि ग्राहकाचे वकील पहिली रेघ त्याच्यावरच मारतात.

जिथे खरेदीदार आपलीच उपकंपनी असते तिथे प्रश्न अधिक मजेदार होतो. शुल्क आकारले जाते ते उपकंपनी आपल्याला देत असलेल्या किमतीवर. तेव्हा ती किंमत कमी केली की शुल्क कमी. कोणालाही प्रथम हेच सुचते. पण किंमत कमी केली की भारतातला नफा कमी होतो आणि अमेरिकेतला वाढतो. आपले आयकर खाते संबंधित कंपन्यांमधल्या व्यवहारांची किंमत दोन परक्या कंपन्यांमध्ये ठरली असती तशीच असावी, असा आग्रह २००१ पासून कायद्याने धरत आले आहे. तिकडचे आयकर खाते म्हणते, की आयातीची किंमत फार वाढवून दाखवू नका. आणि त्याच देशाचे कस्टम्स म्हणते, की फार घटवून दाखवू नका. तिघे तीन दिशांना तोंड करून बसलेले असतात. आमच्या वित्त विभागाने सप्टेंबरचा पूर्ण महिना या एका आकड्यावर घालवला, आणि शेवटी किंमत जी काही थोडी खाली आली तिच्या समर्थनार्थ जे कागद तयार झाले त्यांची फाइल दोन्ही हातांनी उचलावी लागते.

आता या लेखाच्या शीर्षकाकडे वळते. आमच्या धंद्यात गेल्या सात वर्षांत ज्या प्रश्नाचे वजन सर्वाधिक वाढले तो हा: माल कुठला? २०१८ च्या जुलैमध्ये अमेरिकेने चिनी मालावर २५ टक्के जादा शुल्काचा पहिला हप्ता लावला तोपर्यंत ‘उगम देश’ हा बीजकावरचा एक निरुपद्रवी रकाना होता. तिथे ‘भारत’ लिहायचे आणि पुढे जायचे. त्यानंतर एकाच वस्तूवरचे शुल्क ती कुठली ठरते यावरून अनेक पटींनी बदलू लागले. त्या वेळी त्याचा आम्हाला फायदाच झाला होता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. चिनी पुरवठादारांकडून तुटलेले दोन ग्राहक २०१९ साली आपण होऊन आमच्याकडे आले. शेजाऱ्याच्या घरात भांडण लागले आणि पंक्ती आमच्याकडे उठल्या, असा तो प्रकार होता.

माल कुठला, हे केवळ तो कुठून जहाजावर चढला यावरून ठरत नाही. अमेरिकी कस्टम्सची ढोबळ कसोटी अशी, की ज्या देशात वस्तूचे नाव, रूप किंवा उपयोग यांत मूलभूत बदल झाला तो तिचा देश. चीनमधून आलेला पंप व्हिएतनाममध्ये खोक्यातून काढून दुसऱ्या खोक्यात घातला तर तो व्हिएतनामी होत नाही. सुटे भाग जोडून नवी वस्तू बनवली तर होऊ शकतो; आणि किती जोडले म्हणजे पुरे, यावर वकिलांची घरे चालतात.

या कसोट्यांशी खेळण्याची परंपरा जुनी आहे. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर कर लावला म्हणून चिडलेल्या अमेरिकेने १९६४ पासून हलक्या मालवाहू गाड्यांवर २५ टक्के शुल्क लावले, ते आजतागायत आहे. फोर्ड कंपनी तुर्कस्तानात बनवलेली आपली ट्रान्झिट कनेक्ट ही गाडी २००९ पासून मागची आसने बसवून अमेरिकेत आणत असे, म्हणजे ती प्रवासी गाडी ठरून अडीच टक्क्यांत सुटे. आणि बंदराबाहेर पडताच ती आसने काढून टाकून तिची मालवाहू गाडी करत असे. कस्टम्सने २०१३ साली हे अमान्य केले, खालच्या न्यायालयात फोर्ड जिंकली, वरच्या न्यायालयात हरली, आणि २०२४ साली ३६.५ कोटी डॉलर देऊन तडजोड झाली. हा किस्सा मी नव्या मुलांना सांगते तेव्हा ती हसतात. मी त्यांना अकरा वर्षे हा आकडा कागदावर लिहून ठेवायला सांगते, कारण आज केलेल्या घोषणापत्राची झडती तेवढ्या वर्षांनी होऊ शकते आणि तेव्हा सही करणारा बहुधा निवृत्त झालेला असतो.

एकाच वस्तूचे दोन देश असू शकतात, हे मला पहिल्यांदा समजले ते माझ्या आतेभावाकडून. तो वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये एका व्यापाऱ्याचे हिशेब सांभाळतो. बोट्स्वानात खणलेला हिरा सुरतेत पैलू पाडून मुंबईहून न्यूयॉर्कला गेला, तर शुल्कासाठी तो भारतीय, कारण पैलू पाडणे हा मूलभूत बदल आहे. पण रशियाच्या हिऱ्यांवरील बंदीसाठी हा नियम चालत नाही. १ मार्च २०२४ पासून एक कॅरेट आणि त्याहून मोठ्या, आणि १ सप्टेंबर २०२४ पासून अर्धा कॅरेट आणि त्याहून मोठ्या हिऱ्यांना अमेरिकेने अट घातली, की तो कुठेही घडवलेला असो, मुळात रशियातल्या खाणीतला नसावा. एक खाते विचारते, की याला घडवले कोणी. दुसरे विचारते, की हा जन्मला कुठे. आतेभाऊ म्हणतो, “अगं, कुंडलीच मागतात आता!” बोलण्यात अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.

कुंडलीची वेळ आमच्यावरही आली. पोलादावरचे अमेरिकी शुल्क ४ जून २०२५ रोजी ५० टक्के झाले, आणि १८ ऑगस्टला पोलाद व ॲल्युमिनियम असलेल्या वस्तूंचे ४०७ नवे कोड, म्हणजे शुल्कासाठीचे वर्गीकरण क्रमांक, त्या यादीत आले. आमच्या मालातले काही प्रकार त्यात सापडले. अशा वस्तूच्या किमतीतला पोलादाचा भाग वेगळा दाखवायचा, त्यावर पोलादाचे ५० टक्के. उरलेल्या भागावर देशनिहाय शुल्क, जे भारतासाठी तेव्हा ५० टक्केच होते. दोन्हीकडे पन्नास असताना विभागणी कशासाठी, असा प्रश्न ज्याला पडेल त्याला माझे उत्तर असे, की दोन शुल्के दोन वेगळ्या कायद्यांखाली आहेत. देशनिहाय शुल्काचा खटला तेव्हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे होता, त्याची सुनावणी ५ नोव्हेंबर २०२५ ला झाली, आणि त्यातले एक रद्द होऊन पैसे परत मिळायची वेळ आली तर ज्याची विभागणी नीट तोच रांगेत उभा राहू शकेल.

या वस्तूंसाठी आणखी एक माहिती द्यावी लागते: त्यातले पोलाद कोणत्या देशात वितळवले आणि ओतले गेले. अमेरिकेत वितळवलेले असेल तर पोलादाचे शुल्क माफ. आमच्या बाबतीत ती शक्यता नव्हतीच, पण रकाना रिकामा ठेवता येत नाही. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात मी आणि आमच्या गुणवत्ता विभागातली एक मुलगी ऑगस्टच्या अखेरीस तीन दिवस कारखान्यातल्या अभिलेख खोलीत बसलो होतो. प्रत्येक फोर्जिंगवर, म्हणजे तापवून घडवलेल्या पोलादी भागावर, एक हीट नंबर ठोकलेला असतो; पोलाद कोणत्या ओतीतले, ते त्यावरून कळते. त्या नंबरावरून गिरणीचे चाचणी प्रमाणपत्र, ज्याला सगळे एमटीसी म्हणतात, ते शोधायचे. मोठ्या पोलाद कंपनीकडून थेट घेतलेल्या मालाचे प्रमाणपत्र लगेच सापडे. पण घाईच्या वेळी कळंबोलीच्या पोलाद बाजारातून उचललेल्या सळ्यांचे प्रमाणपत्र व्यापाऱ्याने दिलेली छायाप्रत असे, तीही छायाप्रतीची छायाप्रत, आणि त्यावरचा नंबर ३ आहे की ८, हे भिंग लावूनही कळत नसे. व्यापाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, “मॅडम, माल चांगला होता ना? मग कुठला ते कशाला?” त्याच्या दृष्टीने त्याचे बरोबर होते. ज्या अकरा हीटांचा माग लागला नाही तो माल आम्ही अमेरिकेच्या खेपेतून काढून देशातल्या ग्राहकांकडे वळवला. हा झाला आमच्या कंपनीच्या ‘व्यूहात्मक पुनर्रचनेचा’ पहिला टप्पा.

दुसऱ्या देशात कारखाना असणे हा मोठा आधार आहे, यात शंका नाही. मात्र तो आधीपासून असावा लागतो. गुरुग्रामच्या पर्ल ग्लोबलचे तयार कपड्यांचे कारखाने बांगलादेश, व्हिएतनाम, इंडोनेशिया आणि ग्वाटेमाला इथे होते, म्हणून भारतावर ५० टक्के लागल्यावर तिला तिकडे काम वळवण्याची सोय होती. बंगळुरूच्या गोकलदास एक्स्पोर्ट्सने केनियात कारखाने असलेली कंपनी आधीच विकत घेतली होती. पण आधीपासून असलेल्यांचेही सुख निर्भेळ नसते. केनियाच्या कपड्यांना अमेरिकेत मोकळी वाट देणारा आफ्रिकाविषयक कायदा ३० सप्टेंबर २०२५ ला मुदत संपून थांबला. चीन सोडून व्हिएतनामला गेलेल्यांना एप्रिलमध्ये ४६ टक्क्यांची घोषणा ऐकावी लागली. ते पुढे २० टक्क्यांवर आले, आणि दुसऱ्या देशाचा माल केवळ फिरवून पाठवल्याचे आढळल्यास ४० टक्के, अशी तरतूद झाली. घर बदलले म्हणून साडेसाती चुकत नाही.

जपानी मोटार कंपन्यांचे उदाहरण याच संदर्भात नेहमी दिले जाते आणि बहुतेक वेळा अर्धेच दिले जाते. १९८१ साली अमेरिकेच्या दबावाखाली जपानने वर्षाला १६ लाख ८० हजार मोटारींची मर्यादा स्वतःवर घालून घेतली. मग होंडाने ओहायोत १९८२ साली मोटारी बनवायला सुरुवात केली, निसान टेनेसीत गेली, टोयोटाने १९८४ मध्ये जनरल मोटर्सबरोबर कॅलिफोर्नियात भागीदारीचा कारखाना चालवला. हे खरे आहे. पण होंडाचा मोटारसायकलींचा कारखाना ओहायोत १९७९ पासून होता आणि मोटारींच्या कारखान्याचा निर्णय मर्यादा येण्यापूर्वीचा होता. शिवाय मर्यादा मोटारींच्या संख्येवर होती, किमतीवर नव्हती. तेव्हा जपान्यांनी तितक्याच संख्येत अधिक महाग, अधिक सजवलेल्या गाड्या पाठवायला सुरुवात केली. कारखाना उभा राहीपर्यंत कंपन्यांना जगवले ते नियमातल्या या फटीने. त्यावर पुस्तके कमी लिहिली जातात, कारण फटीतून जाणे कोणी मिरवत नाही.

आमच्या मुंबईनेही हे पूर्वी अनुभवले आहे. अमेरिकी यादवी युद्धातल्या कापसाच्या तेजीची आणि १८६५ च्या कोसळण्याची कथा सर्वांना पाठ असते. मला त्यापेक्षा सुताची कथा अधिक जवळची वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या गिरण्यांचे सूत मोठ्या प्रमाणावर चीनला जात असे. चीन चांदीत व्यवहार करी आणि आपला रुपयाही चांदीचा होता, त्यामुळे हिशेब सरळ असे. १८९३ साली सरकारने टांकसाळी चांदीसाठी बंद केल्या आणि रुपया चांदीपासून तुटला. चिनी ग्राहकाला आपले सूत महाग झाले, आणि जपानी गिरण्या त्या बाजारात शिरल्याच होत्या. निर्णय लंडन-कलकत्त्यात झाला. गिरणगावातल्या चात्यांना तो विचारून झाला नव्हता.

अलीकडे मात्र ‘माल कुठला’ याच्या जोडीला ‘कंपनी कुणाची’ हा प्रश्नही येऊन बसला आहे, आणि तो फक्त अमेरिका विचारते असे नाही. आपण स्वतः एप्रिल २०२० मध्ये नियम केला, की आपल्याशी जमिनीची सीमा असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारची पूर्वपरवानगी लागेल. गुजरातेत हालोलला मोटारी बनवणाऱ्या एमजी मोटरची मालक शांघायची साइक कंपनी. या नियमानंतर चिनी मालकाकडून नवे भांडवल आणणे अवघड झाले, आणि अखेरीस मुंबईचा जेएसडब्ल्यू समूह ३५ टक्क्यांचा भागीदार होऊन आला. कारखाना तोच, कामगार तेच. कंपनीच्या नावापुढे मुंबईची तीन-चार अक्षरे लागली. आपण अमेरिकेकडे ज्या गोष्टीची तक्रार करतो तीच गोष्ट दुसऱ्या कोणाला आपल्या दारात सोसावी लागते, हे लक्षात ठेवलेले बरे. चीननेही ४ एप्रिल २०२५ पासून सात दुर्मीळ मूलद्रव्ये आणि त्यांची चुंबके परवान्याखाली आणली, आणि विजेरी गाड्या बनवणाऱ्या आपल्या कंपन्या चुंबकांचा वापर नेमका कशासाठी होणार याची हमीपत्रे भरत बसल्या. तिथेही कारखाना हलला नाही, कागद हलला.

नेदरलँड्सच्या नेक्सपेरियाची गोष्ट तर अशी, की आमच्या जेवणाच्या सुट्टीत ती तीनदा समजावून सांगावी लागली. कंपनी डच, मालक चिनी, चिपांच्या चकत्या बनतात जर्मनीत आणि त्यांतल्या बऱ्याचशा बंदिस्त होतात चीनमध्ये. ३० सप्टेंबरला डच सरकारने १९५२ च्या एका कायद्याखाली कंपनीच्या कारभारावर ताबा बसवला, ४ ऑक्टोबरला चीनने तिथल्या कारखान्याची निर्यात रोखली, आणि काही पैशांच्या त्या चिपांसाठी जगभरच्या मोटार कंपन्यांची धावपळ झाली. नोव्हेंबरात डच सरकारने आपला आदेश स्थगित केला. अशा कंपनीने ‘जुळवून घ्यायचे’ म्हणजे नक्की कोणी कोणाशी, हे सांगणे कठीण आहे.

आमच्याकडे यंत्र हलले ते असे. अंबरनाथला आमचे एक जॉबवर्कवाले आहेत, म्हणजे आमचे भाग मजुरीवर घडवून देणारे. वयाने माझ्याएवढेच, पण सगळे त्यांना दादा म्हणतात. दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी अशी संगणकावर चालणारी तीन यंत्रे, पाच माणसे, आणि गेली चौदा वर्षे आमच्या जड फोर्जिंगचे फिनिश मशिनिंग. ऑक्टोबरमध्ये वित्त विभागाने एक तक्ता मांडला. समजा, तयार भाग १०० डॉलरचा. ५० टक्के शुल्क धरून तो तिकडे १५० ला पडतो. तोच भाग कच्च्या रूपात ६० डॉलरला पाठवला तर शुल्कासह ९०, आणि ह्यूस्टनच्या गोदामाशेजारच्या वर्कशॉपमध्ये मशिनिंगचे ५५, म्हणजे १४५. पाच डॉलर वाचतात. शुल्क २५ टक्के असते तर हाच तक्ता उलटा पडला असता: तयार भाग १२५ ला, आणि कच्चा पाठवून १३० ला. म्हणजे दादांचे काम त्यांच्या कामाच्या प्रतीवर किंवा दरावर ठरत नव्हते. ते त्या एका टक्केवारीवर तोललेले होते. बैठकीत मी विचारले, की सहा महिन्यांनी दर उतरला तर? साहेब म्हणाले, “तेव्हा परत आणू.” परत आणायला दादांची माणसे तिथे असतील का, हा प्रश्न मी विचारला नाही. तो विचारायला हवा होता.

त्याआधी सप्टेंबरमध्ये आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाने सात टक्के सूट मागितली होती. आम्ही चार दिली, आणि त्यातली दोन जॉबवर्कच्या दरांतून काढली. लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत चुकते करण्याचा नियम आहे. बिल उशिरा ‘स्वीकारले’ की दिवसही उशिरा मोजायला सुरुवात होते, ही युक्ती आमच्या कंपनीने शोधलेली नाही, पण ती तिला माहीत आहे. निर्यातदारांच्या अडचणींवर जे लेख येतात त्यांत निर्यातदाराच्या मागे उभा असलेला हा माणूस क्वचितच दिसतो. त्याच्याकडे ना उपकंपनी, ना बंधपत्रित गोदाम, ना किमतीचे कलम.

दादांना पत्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, कारण कागद माझ्याकडे असतात. जड फोर्जिंगचे काम पुढील सूचनेपर्यंत थांबवत आहोत, ड्रॉइंग, भाग पकडून ठेवणारी फिक्श्चर आणि माप तपासायचे गेज परत करावेत, असे चार ओळींचे ते पत्र होते. ते मी चार वेळा लिहिले आणि अखेर त्या चार ओळीच ठेवल्या. गेल्या शुक्रवारी ते स्वतः टेम्पोबरोबर कारखान्याच्या फाटकाशी आले. मी नेमकी त्या दिवशी अंबरनाथला होते. गेज त्यांनी एकेक करून तेलाच्या कागदात गुंडाळले होते आणि प्रत्येकावर स्केच पेनने नंबर घातला होता. आम्ही दिले होते तेव्हापेक्षा ते स्वच्छ होते. त्यांनी मला तक्रारीचा एक शब्दही ऐकवला नाही. गणपतीला सुट्टी किती दिवस मिळाली, मुलगी कोणत्या वर्षाला आहे, असे विचारले. मग खिशातून चलनाचे पुस्तक काढून सुरक्षा रक्षकाच्या टेबलावर ठेवले, कार्बन नीट बसवला, गेजांचे नंबर वरून खाली लिहून काढले आणि शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबवले.

“ताई, इथं परत करण्याचं कारण विचारलंय. काय लिहू?”

मी म्हणाले, “काम पूर्ण झाल्यामुळे, असं लिहा.”

त्यांनी तसे लिहिले, सही केली आणि माझी प्रत फाडून माझ्या हातात दिली.